भेटीचा हक्क कोणाचा?

"आजी, मला इथे मजा आली, असे आईला सांगितले तर चालेल?"

आमच्या नातवाने हा प्रश्न २०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, परतीच्या प्रवासात विचारला. तो तेव्हा साडेसात वर्षांचा होता. रेल्वेत वरच्या बाकावर झोपायची त्याला भारी हौस, म्हणून आजोबांनी त्याला वर चढवले होते. दिवे मालवल्यावर त्याने डोके खाली काढले आणि हळू आवाजात विचारले. "हो रे बाळा, जरूर सांग," असे आम्ही म्हणालो खरे. पण त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही. आनंद झाला हे सांगायला परवानगी घ्यावी लागते, हे त्या मुलाला कोणी शिकवले? उत्तर आम्हांला ठाऊक होते. आम्ही मोठ्यांनी, आणि तेही दोन्ही घरांतल्या.

हा लेख आम्ही नाव न घालता लिहीत आहोत. ओळखणारे ओळखतील, त्याला आमची हरकत नाही. लिहिण्याचे कारण असे की आमच्यासारखी कुटुंबे आता आपल्या धर्मग्रामातही आहेत. मुले-मुली नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बंगळूर गाठतात. काहींचे संसार मोडतात. मग एक जण लेकराला घेऊन परराज्यात राहतो आणि दुसरा इथे कॅलेंडरवर सुट्टीच्या तारखांना गोल करीत बसतो. अशा घरांविषयी आपण चर्चच्या आवारात कुजबुजतो, पण मोकळेपणाने बोलत नाही.

आमच्या मुलाचा घटस्फोट २०२१ साली झाला. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ख्रिस्ती जोडप्यांनाही परस्पर संमतीने वेगळे होता येते. त्याच वाटेने हे दोघे वेगळे झाले. मुलाचा ताबा आईकडे आणि भेटीचा हक्क वडिलांकडे, असे ठरले. पुढे आईला कर्नाटकात चांगली नोकरी मिळाली. न्यायालयाची परवानगी घेऊन जून २०२२ मध्ये ती मुलासह तिकडे गेली. तेव्हा नवा हुकूम झाला: मे महिन्याची अर्धी सुट्टी आणि दिवाळीची अर्धी सुट्टी नातू इथे राहील, आणि दर रविवारी संध्याकाळी वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलेल. तिला आता 'सून' म्हणायचे की नाही, हे आम्हांला कळत नाही. आम्ही 'नातवाची आई' म्हणतो. ते नाते तरी कोणत्याही न्यायालयाने मोडलेले नाही.

२०२३ च्या दिवाळीत नातू आला नाही. फोन कोणी उचलेना. शेवटी आम्ही दोघे गाडीत बसलो आणि तिच्या इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. मॅडम बाहेरगावी गेल्या आहेत, असे वॉचमन म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर मिळाले. नव्या कपड्यांची पिशवी आम्ही जशीच्या तशी परत आणली.

घरी आल्यावर जो भेटेल तो एकच गोष्ट सांगू लागला: "अहो, महाराष्ट्रातल्या कोर्टाचा कागद परराज्यात कोण विचारतो?" हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की आधी तोच दूर करायला हवा. भारताच्या राज्यघटनेचा अनुच्छेद २६१ सांगतो की देशातील कोणत्याही भागातील दिवाणी न्यायालयाने दिलेला अंतिम निकाल किंवा हुकूम कायद्यानुसार देशभर कोठेही अमलात आणता येतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातही तशीच सोय आहे. ज्या न्यायालयाने हुकूम दिला ते स्वतः त्याची अंमलबजावणी करू शकते, किंवा दुसऱ्या गावच्या कुटुंब न्यायालयाकडे, आणि तिथे तसे न्यायालय नसेल तर साध्या दिवाणी न्यायालयाकडे, तो पाठवता येतो. या अर्जाला कोर्टाच्या भाषेत 'दरखास्त' म्हणतात. हुकूम जाणूनबुजून मोडला तर तो न्यायालयाचा अवमानही ठरू शकतो. खटलाच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा असेल, तर मात्र सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. ताब्याचा नवा दावा करायचा असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथले न्यायालय गाठावे लागते.

म्हणजे कागदाला किंमत आहे. अडते ते दुसरीकडेच. आमच्या मुलाने जानेवारी २०२४ मध्ये दरखास्त केली. वकील इथला एक आणि तिथला एक. दर तारखेला रजा, तिकीट, मुक्काम. ऑक्टोबर उजाडेपर्यंत नातवाचे दोन दात पडून नवे आले होते. नऊ महिने हे न्यायालयाच्या हिशेबात फार नसतील, पण सात वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात ते खूप असतात.

सीमा ओलांडली की हुकूम दुबळा होतो, हा अनुभव केवळ आपला नाही. ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत त्यांनी हे ऐकले असेल. तिथे कुटुंबाचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे असतात. एका राज्यात निकाल विरोधात गेला की मुलाला उचलून दुसऱ्या राज्यात न्यायचे आणि तिथल्या न्यायाधीशाकडून उलटा हुकूम मिळवायचा, असे प्रकार पूर्वी सर्रास होत. ते थांबवण्यासाठी १९६८ साली सर्व राज्यांकरिता एक नमुना कायदा तयार झाला, १९८० साली केंद्राने कायदा केला आणि १९९७ साली अधिक कडक नमुना कायदा पुढे आला. आज तो जवळजवळ सर्व राज्यांत लागू आहे. त्याचे सूत्र सोपे आहे. दावा दाखल होण्याआधी मूल सलग सहा महिने ज्या राज्यात राहिले ते त्याचे 'घरचे राज्य'. ताब्याचा निर्णय तिथल्या न्यायालयाने करायचा आणि इतर राज्यांनी तो मानायचा. परराज्यातला हुकूम आपल्या न्यायालयात नोंदवून घेता येतो आणि त्याची सुनावणी तातडीने होते. हुकुमात भेटीच्या तारखा-वेळा स्पष्ट नसतील, तर त्या तात्पुरत्या ठरवून देण्याचा अधिकारही दुसऱ्या राज्याच्या न्यायाधीशाला आहे.

ही शेवटची गोष्ट आपणही लक्षात घ्यावी. आपल्याकडे तडजोडपत्रात पुष्कळदा 'वडिलांना सोयीनुसार भेटता येईल' एवढेच लिहिलेले असते. सोय कोणाची? दोघांचे पटत असते तोवर हे वाक्य चालते आणि बिनसले की त्याच वाक्यावर पहिली ठिणगी पडते. तारीख, वेळ, कोणत्या स्टेशनवर कोणी कोणाच्या हाती मूल सोपवायचे, तिकिटाचा खर्च कोणाचा, फोनचा वार कोणता, एखादी भेट चुकली तर ती कधी भरून काढायची, हे सगळे आधीच लिहून घ्यावे. त्यात कोतेपणा नाही. पुढची भांडणे त्यामुळे टळतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाच्या समुपदेशक बाईंनी दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवले. आम्ही आमची पिशवी, बंद फाटक, वॉचमन, सगळे सांगितले. नातवाच्या आईने शांतपणे पर्स उघडली आणि मे २०२३ चे एक रेल्वे तिकीट टेबलावर ठेवले. नातवाला परत आणण्यासाठी तिने स्वतः काढलेले आणि कधीच न वापरलेले तिकीट.

ते तिकीट पाहून आम्ही खाली बघितले. झाले होते असे: त्या मे महिन्यात आमच्या घराण्यात लग्न होते. नातू वऱ्हाडात हवा, सगळ्या नातलगांना तो दिसावा, असे आम्हांला वाटले. ठरलेल्या दिवशी आम्ही त्याला पाठवले नाही. चार दिवस जास्त ठेवून घेतले आणि वाद नको म्हणून फोन बंद ठेवले. "आपलेच लेकरू, चार दिवसांनी काय बिघडते," असे आम्ही एकमेकांना म्हणालो. आमच्या मुलाने एकदा विरोध केला, तर त्यालाही आम्हीच गप्प केले. इकडे वऱ्हाड नाचत होते, तेव्हा ती तिकडे पहाटे स्टेशनवर उभी होती. गाडी आली, सगळे डबे रिकामे झाले आणि आपले मूल कुठे आहे हे तिला कळेना. शाळा सुरू होण्याआधी त्याच्यासोबत राहता यावे म्हणून तिने रजा घेतली होती. ती रजा तिने फोन लावण्यात घालवली.

फाटकाशी आम्ही उभे होतो ते दोन दिवस आम्ही शंभर जणांना सांगितले होते. ती फलाटावर उभी होती, हे आम्ही एकालाही सांगितले नव्हते.

त्या खोलीत आम्हांला पहिल्यांदा समजले की आम्ही 'आमचा हक्क, आमचा हक्क' असे जे म्हणत होतो त्यातच खोट होती. भेटीचा हक्क कागदावर वडिलांच्या नावे लिहिलेला असतो, पण तो असतो मुलाचा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हेच स्पष्ट केले आहे. आई आणि वडील दोघांच्याही प्रेमावर मुलाचा अधिकार आहे. ते दोघे वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहत असतील, तर प्रत्यक्ष भेटीच्या जोडीला फोन आणि व्हिडिओ कॉलवरचा संपर्कही महत्त्वाचा आहे, असे न्यायालय म्हणते.

हक्क मुलाचा आहे असे एकदा मानले की आपल्या अनेक सबबी गळून पडतात. पहिली सबब: "तो खर्चाचे पैसे देत नाही, मग मूल का दाखवायचे?" तिचीच दुसरी बाजू: "ती मूल दाखवत नाही, मग पैसे का द्यायचे?" आमच्या मुलानेही २०२४ मध्ये एकदा असे म्हटले होते आणि आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केले होते. पण पोटगीचे पैसे मुलाचे आणि भेटही मुलाचीच. एकाने मुलाचे ताट ओढले म्हणून दुसऱ्याने त्याचे पांघरूण ओढावे, असा हा न्याय झाला. थकलेल्या पैशांसाठी न्यायालयात वेगळी दाद मागता येते, ती मागावी.

दुसरी सबब: "मुलालाच जायचे नाही." ही खरीही असू शकते. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायालय त्याची इच्छा विचारात घेते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे की ही इच्छा त्याची आहे, की आपला चेहरा वाचून त्याने तयार केलेले उत्तर आहे? मुले हुशार असतात. कोणत्या घरात कोणते वाक्य बोलले की शांतता राहते, हे त्यांना चटकन कळते. आमच्या नातवाने रेल्वेत विचारलेला प्रश्न हा त्यातलाच.

एका बाबतीत मात्र आम्हांला चुकीचे समजू नये. जिथे मारहाण आहे, दारूचा धिंगाणा आहे, मुलावर अत्याचाराची शंका आहे, तिथे 'दोघांचे प्रेम' म्हणत मुलाला धोक्यात ढकलणे हे पाप आहे. कायदाही तसे सांगत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की भेटीमुळे मुलाच्या हिताला बाधा येईल असे वाटले, तर दंडाधिकाऱ्यांनी भेट नाकारावी. कमी धोक्याच्या ठिकाणी देखरेखीखाली भेट ठेवता येते. पण हे न्यायालयाला सांगून करायचे असते. स्वतःच न्यायाधीश होऊन दार लावून घ्यायचे नसते. खऱ्या भीतीने दार लावणारी आई आणि रागाने दार लावणारी आई, बाहेर उभ्या असलेल्याला सारखीच दिसते. फरक ठरवायला तिसरा माणूस लागतो.

आपली ख्रिस्तसभा विवाहबंधन अतूट मानते. म्हणून काही जणांना वाटते की असे प्रश्न चर्चमध्ये काढूच नयेत. पण पती-पत्नी विभक्त झाली तरी मुलांचे पालनपोषण व शिक्षण यांची व्यवस्था झालीच पाहिजे, असे कॅनन कायदा सांगतो. विवाह रद्दबातल ठरला तरी त्यातून झालेली मुले अनौरस ठरत नाहीत, हेही पुष्कळांना माहीत नसते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनपत्रात विभक्त आईवडिलांना कळकळीने विनवले की मुलाला कधीही ओलीस धरू नका. 'ओलीस' हा शब्द आम्हांला फार लागला. लग्नाच्या मांडवात नटूनथटून बसलेला आमचा नातू त्या चार दिवसांत आमचा ओलीसच होता.

पवित्र शास्त्रातील इश्माएलची गोष्ट आपण जाणतो. अब्राहामने पहाटे उठून भाकरी आणि पाण्याची पखाल हागारच्या खांद्यावर ठेवली आणि तिला मुलासह रानात लावून दिले. त्यानंतर बापलेकांची भेट झाल्याची एकही ओळ उत्पत्तीच्या पुस्तकात नाही. मग एकदम पंचविसाव्या अध्यायात अब्राहाम मरण पावतो आणि त्याला पुरायला दोन मुलगे उभे असतात, इसहाक आणि इश्माएल. पूर्वी आम्हांला ही क्षमेची गोड गोष्ट वाटायची. आता वाचताना मधली कोरी वर्षे दिसतात. रानात वाढणाऱ्या त्या मुलाला बापाची आठवण आली असेल तेव्हा त्याने ती कोणाला सांगितली असेल? बाप कबरेत उतरेपर्यंत लेकाने वाट पाहावी, अशी पाळी आपल्या घरातल्या कोणा मुलावर येऊ नये.

कायद्याने त्या ऑक्टोबरमध्ये आमचे काम केले. नवे वेळापत्रक ठरले, चुकलेली भेट भरून काढायचे ठरले आणि दिवाळीला नातू आला. कायदा मुलाला दारापर्यंत आणून सोडू शकतो. दारात उभा असलेला माणूस त्याच्याशी कसे वागेल, हे कायदा ठरवू शकत नाही. ते आम्हांलाच ठरवायचे होते.

आम्ही घरात तीन नियम केले. नातू आल्यावर 'तिकडे कोण येते-जाते' असे एक अक्षर विचारायचे नाही. त्याच्यादेखत त्याच्या आईविषयी वाईट बोलायचे नाही, आणि ती गावी आजारी आहे, कामात आहे, असे त्याने सांगितले तर तिच्यासाठी त्याच्यासोबत प्रार्थना करायची. आणि ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी त्याला पोहोचवायचे, उशिरा कधीच नाही.

धर्मग्रामातील बंधुभगिनींना एक विनंती आहे. सुट्टीत असे एखादे मूल मिस्साला दिसले तर त्याला 'तुला कोण जास्त आवडते, मम्मी की पप्पा?' असे गमतीनेही विचारू नका. धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन आठवड्यांसाठी आले तरी त्याचे नाव हजेरीत घ्या. आणि ज्याचे मूल परराज्यात आहे अशा बापाला किंवा आईला रविवारी संध्याकाळी फोनच्या वेळेला कोणत्याही सभेला बोलावू नका. त्या अर्ध्या तासावर त्यांचा आठवडा उभा असतो.

मे २०२५ मध्ये नातू पुन्हा आला. परत पाठवताना आम्ही त्याच्या बॅगेत एका डब्यात आगाशीची सुकेळी भरून दिली. त्याच्या आईला पूर्वी ती फार आवडायची. "हे आईसाठी. आणि इथे काय काय मजा केलीस ते सगळे तिला सांग," असे आम्ही त्याला बजावले. तो म्हणाला, "सगळे?" आम्ही म्हणालो, "सगळे."

दिवाळीला तो आला तेव्हा डबा परत आला. तो रिकामा नव्हता.

— धर्मग्रामातील एक आजी-आजोबा